ओल्या धान्याची कोठी

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या खरिपाला पाऊस दोनदा गाठतो. पहिला मृगाचा, त्याची वाट सगळा गाव पाहतो. दुसरा सप्टेंबर सरताना, मान्सून माघारी फिरताना येणारा. तो आला नाही तर हरभरा-करडईच्या पेरणीला ओल मिळत नाही, आणि आला तर हातातोंडाशी आलेल्या खरिपावरच कोसळतो. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यात त्याने जे केले ते ताजे आहे. ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. वाहून गेलेल्या मातीला आणि बुडालेल्या पिकाला भरपाई हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण दर अशा वर्षी बुडालेल्या पिकाशेजारी आणखी एक पीक असते, ज्याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात नीट होत नाही. त्याचा दाणा भरलेला असतो, तो कुजलेला नसतो, फक्त ओला असतो. ते वाळवायला ऊन नाही, ठेवायला जागा नाही आणि विकायला गेले तर भाव नाही. आठ-दहा दिवसांत ते खरोखरच खराब होते आणि मग नुकसानीच्या आकड्यात जमा होते. या लेखाचे म्हणणे या आठ-दहा दिवसांपुरते आहे. ओला दाणा म्हणजे नासका दाणा नव्हे. ओल आणि हवा यांची गाठ पडली की दाणा नासतो. हवा तोडली तर तोच दाणा जनावरांसाठी वर्षभर टिकतो, आणि कोरड्या दाण्यापेक्षा अधिक चांगला पचतो. मराठवाड्याच्या गोठ्याने ही रीत उचलावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्वारी काळी का पडू लागली

आधी दुखण्याचे मूळ पाहू. या भागातल्या जुन्या खरीप ज्वाऱ्या दिवसमानाला बांधलेल्या होत्या. जूनमध्ये पेरल्या तरी दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्या निसवत नसत, त्यामुळे दाणा भरायचा तो पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेत. उत्पन्न कमी, पण दाणा पांढरा. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि पुढे त्याच्या वाटेने अनेक वाण आले. त्यांनी उत्पादन वाढवले, कालावधी शंभर-सव्वाशे दिवसांवर आणला आणि दिवसमानाचे बंधन सोडले. त्याची किंमत अशी की दाणा पक्व होण्याची वेळ आणि परतीच्या पावसाची वेळ एकच झाली. ओल्या कणसावर फ्युजारियम, कर्व्ह्युलेरिया, अल्टरनेरिया या बुरशा वाढतात आणि ज्वारी काळी पडते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी श्वेता’सारखे बुरशीला तुलनेने दाद न देणारे वाण दिले, त्याचा उपयोगही झाला. पण सलग आठवडाभराच्या झडीपुढे सहनशील वाणही हात टेकतो. काळ्या ज्वारीची भाकरी कोणी खात नाही, व्यापारी पडत्या भावाने मागतो, आणि ती मद्यार्काच्या कारखान्याकडे नाहीतर कोंबड्यांच्या खाद्याकडे जाते. २००७ मध्ये राज्याने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचे ठरवले, तेव्हा काळ्या ज्वारीला भाव मिळेल हेच समर्थन पुढे केले गेले होते. तो प्रयोग वादात सापडला. शेतकऱ्याने मात्र आपला निर्णय शेतातच घेतला. त्याने ज्वारी सोडली आणि सोयाबीन धरले.

या निर्णयात ज्वारीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे कडबा. ज्वारीचे पीक दोन तोंडांसाठी असते, दाणा माणसाला आणि कडबा जनावराला. सोयाबीनचे गुळी-भुसकट ही जागा भरून काढत नाही. देवणी ही लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावाने ओळखली जाणारी आणि लाल कंधारी ही नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या नावाने ओळखली जाणारी, अशा दोन नामांकित गोवंशांचा हा मुलूख आहे. त्यांचा गोठा ज्वारीच्या शेतावर उभा होता. ज्वारी कमी झाली तसा चारा विकतचा झाला, आणि विकतच्या चाऱ्यावर दोन-चार जनावरे सांभाळणे परवडेनासे झाले. दुष्काळी वर्षांत चारा छावण्या उभ्या कराव्या लागल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ही ओळख या शहराला देशभर चिकटली. ज्या जमिनीवर एका वर्षी पाणी रेल्वेने येते तीच जमीन दुसऱ्या वर्षी पाण्याखाली जाते. अशा ठिकाणी भरल्या वर्षातला घास कोरड्या महिन्यांपर्यंत नेण्याची सोय हीच खरी शेतीची सुरक्षितता. हा घास ओला असला तरी नेता येतो, एवढे एकदा पटले की खरीप ज्वारीकडे आणि मक्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

दाणा पक्व होतो तेव्हा तो ओलाच असतो

इथे पीकशास्त्रातली एक साधी गोष्ट कामाची आहे. दाण्यात पिष्ट भरण्याचे काम संपते तेव्हा तो वाळलेला नसतो. ज्वारीचा दाणा कणसातून काढून त्याचे बूड पाहिले तर जिथे तो जोडलेला होता तिथे बारीक काळा ठिपका दिसतो. मक्यात तोच काळा थर दाण्याचे टोक खरवडले की दिसतो. हा थर धरला की झाडाकडून दाण्यात काही येत नाही. वजन पुरे झालेले असते. या घडीला ज्वारीच्या दाण्यात साधारण तीस टक्के आणि मक्याच्या दाण्यात तीस-पस्तीस टक्के पाणी असते. त्यापुढचे दोन-तीन आठवडे पीक शेतात उभे असते ते केवळ वाळण्यासाठी. म्हणजे ज्या काळात बुरशी, पाखरे आणि पाऊस मिळून पिकाचे वाटोळे करतात, त्या काळात पीक एक ग्रॅमही वाढत नसते. ज्वारीच्या संशोधकांनी म्हणूनच पूर्वीपासून सांगितले आहे की काळा ठिपका दिसताच कापा आणि दाणा यंत्राने वाळवा. सल्ला बिनचूक आहे. अडचण त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. गावात धान्य वाळवायचे यंत्र नसते, आणि आभाळ गळत असताना खळ्यावर काही वाळत नाही. त्यामुळे लवकर कापा हा उपदेश कागदावर राहिला. गोठ्यापुरता दाणा न वाळवताच हवाबंद केला, तर या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग प्रथमच अमलात येऊ शकतो.

वाळवण्याला काय पडते याचाही हिशेब करून पाहावा. २८ टक्के ओलीच्या १०० किलो धान्यात ७२ किलो कोरडा माल असतो. तो १४ टक्के ओलीला आणला तर वजन सुमारे ८४ किलो भरते. १६ किलोहून अधिक पाणी उडवावे लागते. एका टनामागे १६० किलोच्या वर पाणी झाले. यंत्रात ते उडवायला लागणारी उष्णता साधारण २० लिटर डिझेल जाळून मिळते तेवढी असते. भाकरीच्या किंवा बाजारात न्यायच्या धान्यासाठी हा खर्च करणे भाग आहे. पण जे धान्य आपल्याच गोठ्यात जायचे, ज्यावर खायच्या वेळी गाय पुन्हा पाणीच पिणार, त्यातले पाणी इंधन जाळून उडवण्यात कसला शहाणपणा?

बाजार ओलीला कसा वागवतो हे लातूरच्या आडतीवर दिसते. ढिगातला मूठभर माल मापकात टाकला जातो, काटा आकडा दाखवतो आणि त्या आकड्यावर भाव तुटतो. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत १२ टक्के ओलीची अट आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांवर नेली, कारण बारा टक्क्यांच्या अटीत माल बसतच नव्हता. मका आणि ज्वारीला ही मर्यादा १४ टक्क्यांची. तेव्हा २८ टक्के ओलीचा दाणा घेऊन बाजारात जाणारा शेतकरी भावाची वाटाघाट करायला जात नाही, सुटका करून घ्यायला जातो. या दाण्याला बाजाराचे दार नाही. गोठ्याचे दार आहे.

हवा तोडली की काय होते

हवेशिवाय धान्य टिकते हे मराठवाड्याला कोणी परक्याने शिकवण्याची गरज नाही. काळ्या मातीखालच्या मुरमात खणलेल्या पेवांत या भागाने पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी साठवली. तळाला आणि कडेला कडबा-भुसा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. आतला दाणा श्वास घेऊन उरलासुरला प्राणवायू संपवतो, कर्बवायू साठतो आणि किडे गुदमरून मरतात. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे; आधी दिवा सोडून पाहत, तो विझला तर थांबत. तो नियम जीव गमावून शिकलेला होता, आणि बंद जागेत प्राणवायू किती पुरता संपतो याचा तो पुरावाही आहे. पेवातली ज्वारी कोरडी असे, म्हणून तिथे गोष्ट श्वास कोंडण्यावरच थांबे. दाण्यात पाव हिश्श्याहून जास्त पाणी असेल तर पुढचा टप्पा सुरू होतो. प्राणवायू संपताच बुरशी थांबते आणि दह्यात असतात तशा, आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंचे राज्य येते. ते दाण्यातल्या थोड्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात, सामू चार-साडेचारच्या आसपास उतरतो आणि कुजवणारे जंतू त्यात जगू शकत नाहीत. मुरघास ज्या न्यायाने टिकतो त्याच न्यायाने हा दाणा टिकतो. मुरघास आता मराठवाड्यात नवा राहिलेला नाही. पेव आणि मुरघास या दोन्ही विद्या ज्या भागाला ठाऊक आहेत, त्याला त्यांची सांगड तेवढी घालायची आहे.

या साठवणीत दाणा नुसता टिकत नाही, सुधारतो. ज्वारी आणि मक्याच्या पिष्टाचे कण एका चिवट प्रथिनाच्या जाळ्यात बसलेले असतात. ज्वारीत हे जाळे विशेष घट्ट असते, म्हणून कोरडी ज्वारी गुरांना दिली तर बरीचशी शेणात जशीच्या तशी बाहेर पडते. हवाबंद आम्लात महिनोन्‌महिने राहिल्यावर हे जाळे सैल होते आणि पोटातल्या जंतूंना पिष्ट हाती लागते. अमेरिकेत टेक्सास-ओक्लाहोमाच्या ज्वारी पट्ट्यात १९६० आणि ७० च्या दशकांत यावर बरेच काम झाले. तिथे कोरड्या ज्वारीत मुद्दाम पाणी घालून, ओल तीस टक्क्यांच्या घरात नेऊन, तीन आठवडे हवाबंद ठेवून ती गुरांना दिली जाई. थंड देशांतली रीत आपल्या उन्हाळ्यात चालेल का, अशी शंका येते. तिला ब्राझील उत्तर देतो. उष्ण हवामान आणि आपल्यासारखाच टणक दाण्याचा मका, अशा स्थितीत तिथल्या दुग्ध आणि मांस व्यवसायाने ओल्या दाण्याची साठवण तर स्वीकारलीच, शिवाय वाळलेला मका भरडून, पाणी घालून पुन्हा हवाबंद करण्याची पद्धतही रुजवली. ज्याने दाणा आधीच वाळवला त्यानेही पाणी परत घालावे इतका फायदा जिथे दिसतो, तिथे आपण निसर्गाने दिलेल्या ओलीला संकट म्हणत बसावे हे पटत नाही.

अर्धवटपणा जीवघेणा

या टप्प्यावर सर्वांत गंभीर हरकतीला सामोरे जायला हवे. ओले धान्य साठवा म्हणणे म्हणजे विषाला आमंत्रण नव्हे का? या हरकतीमागे इतिहास आहे. १९७४ च्या पावसाळ्यानंतर गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागातल्या आदिवासी गावांत काविळीची साथ उसळली. पावसात भिजलेला मका तसाच घरात साठवला होता, त्यावर अॅस्परजिलस बुरशी वाढली आणि तिच्या अफ्लाटॉक्सिन विषाने लोकांची यकृते गेली. नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. तेच अन्न खाल्लेली कुत्रीही मेली. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, आपल्या शेजारच्या पट्ट्यात, अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने पोटदुखी-जुलाबाचा उपद्रव झाला. पाहणी केलेल्या ५० पैकी २७ गावांत तो आढळला आणि त्याचे कारण फ्युजारियमचे फ्युमोनिसिन हे विष निघाले. जनावराच्या पोटी गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही अंश दुधात उतरतो. म्हणून देशात दुधासाठी त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम इतकी कडक ठेवली आहे.

या घटना माझ्या म्हणण्याच्या विरोधात नाहीत, त्याच्या बाजूने आहेत. दोन्ही ठिकाणी धान्य ओले होते आणि हवेत होते. घरोघरी आजही तेच घडते. पाऊस थांबेना म्हणून ओला मका पोत्यात भरून ओसरीला रचतात, ताडपत्रीखाली ढीग झाकतात, ‘ऊन पडले की पसरू’ म्हणून वाट पाहतात. दोन दिवसांत ढिगात हात घातला तर चटका बसतो. ती ऊब म्हणजे दाणा आणि बुरशी मिळून आपला माल जाळत असल्याची खूण. विष तयार होते ते या वाट पाहण्यात. म्हणून नियम एकच आणि कडक हवा. काढलेला दाणा एकतर त्याच दिवशी वाळवायला लावा, नाहीतर त्याच दिवशी हवाबंद करा. तिसरा मार्ग नाही. ओलीचेही तसेच आहे. १४ टक्क्यांच्या खाली कोरडी साठवण सुरक्षित, २५ ते ३२ टक्क्यांत हवाबंद आंबवण सुरक्षित. मधली १६ ते २४ टक्क्यांची ओल सर्वांत फसवी, कारण ती बुरशीला पुरेशी आणि आम्लाच्या जीवाणूंना अपुरी असते. अशा दाण्यात भरडताना पाणी मिसळून ओल तिसाच्या जवळ न्यावी, किंवा जाणकाराच्या देखरेखीखाली प्रोपिओनिक आम्ल वापरावे. ते कातडीला भाजते, म्हणून हातमोजे आणि डोळ्यांचे संरक्षण सोडून त्याला हात लावू नये. आणि जी ज्वारी आधीच काळी पडली, ज्या मक्यावर हिरवट बुरशी दिसते, त्याला ही पद्धत औषध नाही. आम्ल बुरशी थांबवते, तिने आधी तयार केलेले विष नाहीसे करत नाही. शेतातच मोड आलेल्या ज्वारीपासूनही लांब राहावे, कारण ज्वारीच्या कोवळ्या मोडांत सायनाइड सुटणारे द्रव्य असते. नासके झाकण्याची ही युक्ती नाही. नासण्याच्या आधी उचलण्याची शिस्त आहे.

गोठ्यापुरता हिशेब

प्रत्यक्ष काम कसे होते ते जवळून पाहू. काळा ठिपका दिसल्यावर, उघडीप मिळताच, गोठ्यासाठी राखलेल्या तुकड्यातली कणसे खुडायची. ओल मोजायला मापक नसेल तर १०० ग्रॅम भरड तव्यावर मंद आचेवर, करपू न देता, वजन घटायचे थांबेपर्यंत परतायची. ७२ ग्रॅम उरली तर ओल २८ टक्के. मक्याची कणसे सोलून दाणा भरडायचा, प्रत्येक दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत इतपत; अखंड दाणा नीट दबत नाही आणि नीट आंबत नाही. ज्वारीच्या ओल्या कणसांची मळणी जिकिरीची असते, तर मळणीचा हट्ट धरू नये. अमेरिकेच्या ज्वारी पट्ट्यात कणसे तशीच कुट्टी करूनही साठवतात. दाण्याबरोबर भुसा आणि कणसाचा दांडा आल्याने कस थोडा उतरतो, पण काम कडबा कुट्टीच्या यंत्रावर निभावते, आणि ते यंत्र गावात असते. भरड आत जाड प्लास्टिकच्या आणि बाहेर विणलेल्या पोत्याच्या दुहेरी पिशवीत थर देऊन दाबून भरायची, हवा पिळून काढायची, तोंड पीळ देऊन दुमडून बांधायचे. पहिले काही दिवस पिशवी फुगते. तिला भोक पाडायचे नाही. उंदीर-घुशींसाठी पिशव्या झाकणाच्या पिंपात ठेवाव्यात. पिंप कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे कधीच नसावे. निदान तीन-चार आठवडे हात लावू नये. उघडल्यावर आंबिलीसारखा स्वच्छ आंबूस वास आला तर काम साधले. कुबट वास, बुरशीचे गठ्ठे किंवा ऊब आढळली तर ते उकिरड्यात टाकावे, जनावरासमोर नाही.

इथे दुसरी हरकत येते. हे मोठ्या गोठ्यांचे काम, दोन गाईंच्या शेतकऱ्याला याचा काय उपयोग? आक्षेप पोकळ नाही, कारण उघडलेल्या साठ्याला पुन्हा हवा लागते आणि आपल्या उष्म्यात तो लवकर बिघडतो. म्हणूनच मोठा खड्डा त्याच्या कामाचा नाही. मापच लहान हवे. दोन दुभत्या गाईंना रोज प्रत्येकी दोन किलो धरले तर दिवसाला चार किलो लागतात. ३० किलोची पिशवी आठवडाभरात संपते आणि बिघडायला वेळच मिळत नाही. ऑक्टोबरनंतरच्या आठ महिन्यांना, म्हणजे २४० दिवसांना, ९६० किलो ओला दाणा पुरतो. अशा ३२ पिशव्या झाल्या. वाळलेल्या हिशेबात हे आठ क्विंटल धान्य आहे, बऱ्यापैकी पिकलेल्या एक-सव्वा एकराचे. २०२५-२६ च्या २,४०० रुपये हमीभावाने आठ क्विंटल मका १९,२०० रुपयांचा होतो. पण शेतकरी या दाण्याची तुलना विक्रीच्या भावाशी करत नाही. तो आंबोणासाठी विकत घेतो त्या पशुखाद्याच्या भावाशी करतो, आणि त्या भावात कारखान्याचा, वाहतुकीचा आणि दुकानाचा वाटा असतो. दाण्यात ऊर्जा असते, प्रथिने कमी असतात. ती भरून काढायला लातूरला लांब जावे लागत नाही. इथल्या डाळ मिलांची तुरीची चुनी आणि तेल गिरण्यांची सोया पेंड हाताशी आहे. बाहेर जाणाऱ्या या मालात घरचा दाणा मिसळला तर पशुखाद्य घरीच तयार होते.

तिसरी हरकत नैतिक आहे. माणसाचे अन्न गुरांना घालावे काय? चांगल्या उन्हाच्या वर्षी, पांढऱ्या दाण्याची ज्वारी वाळवून कणगीतच गेली पाहिजे, यात शंका नाही. पण काळी पडलेली ज्वारी माणसाच्या ताटात जातच नाही. ती मद्यार्काकडे जाते. वेळेत हवाबंद केलेला दाणा माणसाच्या अन्नातून काढून घेतलेला नसतो, बुरशीच्या तोंडातून काढलेला असतो. शिवाय गोठ्याचा दाणा लवकर निघाल्याने खळे, मजूर आणि ताडपत्री भाकरीच्या ज्वारीला मोकळी मिळतात. काळा ठिपका धरताच कापलेल्या ज्वारीचे ताट अजून हिरवट असते. त्याचा मुरघास करा किंवा वाळवून कडबा करा, उभ्या वाळलेल्या ताटापेक्षा तो सरस असतो. एकाच कापणीत दाणा आणि वैरण दोन्ही वाचतात.

चौथी हरकत पशुवैद्यकाची, आणि ती सर्वांनी ऐकावी. आंबवलेला दाणा पोटात झपाट्याने फुटतो. एकदम जास्त दिला तर पोटात आम्ल वाढून जनावर आडवे होते. कडब्यावर वाढलेल्या देवणीला किंवा लाल कंधारीला, आणि शेळीला तर विशेषच, हा धोका आहे. म्हणून सुरुवात मूठ-दोन मुठींनी, वाढ दहा-पंधरा दिवसांत हळूहळू, एका वेळी किलोभराच्या पुढे नाही, आणि आधी वैरण, मग दाणा. कामाच्या बैलाला आणि भाकड गाईला याची फारशी गरजही नाही. दुभत्या, गाभण आणि वाढत्या जनावरासाठी हा खुराक आहे. सोयाबीनला मात्र हा सगळा मार्ग लागू नाही. ते नगदी पीक आहे, त्यातले तेल खवट होते आणि कच्च्या दाण्यातली काही द्रव्ये पचनाला मारक असतात. सोयाबीनचे ओले संकट वाळवणी यंत्र आणि खरेदीच्या अटी यांनीच सुटेल. त्याच्यावर हा उतारा सांगणे फसवणूक ठरेल.

आता राहिला प्रश्न कोणी काय करायचे याचा. उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय लातूर जिल्ह्यातच आहे, परभणीचे कृषी विद्यापीठ शेजारी आहे, लातूर आणि सगरोळीची कृषी विज्ञान केंद्रे गावांच्या रोजच्या संपर्कात आहेत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने २०१६ पासून चाललेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातल्या ११ जिल्ह्यांत लातूर आणि नांदेड होते, आणि दुसऱ्या टप्प्यात १९ जिल्ह्यांसाठी सुमारे १४९ कोटी रुपयांची तरतूद झाली. मुरघासाला मदत देणाऱ्या यंत्रणेला ओल्या दाण्यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. तीच पिशवी, तेच कुट्टी यंत्र, तीच माणसे. जोडायच्या गोष्टी मोजक्या आहेत. दूध संकलन केंद्रावर एक ओलावा मापक, अफ्लाटॉक्सिन तपासणीच्या पट्ट्या, गटासाठी एक भरडणी यंत्र, आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काळा ठिपका कसा ओळखावा याचे बांधावरचे प्रात्यक्षिक. हंगाम संपल्यावर घेतलेल्या शिबिरांचा इथे उपयोग नाही. निर्णयाचे दिवस मोजके असतात आणि ते पावसातच येतात.

या सगळ्याचा शेवटचा हिशेब पीकपद्धतीशी आहे. शेतकऱ्याने खरीप ज्वारी सोडली ती आळसाने नाही. काळी पडण्याच्या भीतीने आणि मिळेल त्या भावाने त्याला सोडायला लावली. ती भीती ज्वारीच्या एका हिश्श्यापुरती जरी गेली, तर सोयाबीनच्या सलग रानात एक एकर ज्वारी परत येऊ शकते. पाऊस पडला तर दाणा पिशवीत आणि ऊन पडले तर कणगीत, असे दोन दरवाजे असलेले पीक सोयाबीनपेक्षा कमी पैसे देईल, पण दोन्ही टोकांच्या वर्षांत हात रिकामा ठेवणार नाही. पाणी रेल्वेने आणावे लागणारे वर्ष आणि शेत पाण्याखाली जाणारे वर्ष यांतले अंतर कमी होत चालले आहे. पॅकेज झालेल्या नुकसानीला मिळते. ओल्या दाण्याची कोठी नुकसान होऊ देत नाही. पुढच्या खरिपात प्रत्येक तालुक्यात दहा गोठ्यांनी एकेक एकर यासाठी राखला, आणि खर्च, दूध, शेण आणि विषाची तपासणी यांचा हिशेब उघडपणे मांडला, तर पटवून देण्यासाठी लेखांची गरज उरणार नाही. तो हिशेब मांडायला लागणारी शेते, जनावरे, संस्था आणि पैसा सारे या दोन जिल्ह्यांत आजच आहे.